नवी मुंबईची जमीन भूकंपात कशी हलेल? लॅपटॉपवरचं पहिलं मॉडेल

भूकंपाचं संगणकी मॉडेल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नकाशावर पसरत जाणाऱ्या रंगीत लाटांचा व्हिडिओ येतो. नवीन मुलं तिथूनच सुरुवात करायला बघतात. मोठं त्रिमिती सॉफ्टवेअर डाउनलोड होतं, महिनाभर ते बसवण्यात जातो आणि हाती काही लागत नाही. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून हे शिकणाऱ्यांना माझा आग्रह वेगळा आहे. एक बोअर (माती तपासायला पाडलेलं खोल भोक) घ्या, त्याखालचा कातळ घ्या आणि मधल्या मातीतून लाट वर येताना तिचं काय होतं ते आधी काढा. या एकमिती मॉडेलला साधा लॅपटॉप पुरतो, आणि आपल्या भागात सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो.

मेक्सिको सिटीचं उदाहरण प्रत्येक शिकणाऱ्याने समोर ठेवावं. १९ सप्टेंबर १९८५ चा भूकंप शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर झाला. शहराच्या कठीण भागात जमिनीचा कमाल प्रवेग ०.०४ जीच्या (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) आतच राहिला. जुन्या सरोवराच्या गाळावर मात्र तो ०.१७ जीच्या आसपास नोंदला गेला, आणि तोही सुमारे दोन सेकंदांच्या संथ, लांबत जाणाऱ्या झोक्यांत. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं तेव्हा सव्वादोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या. त्यात स्टिल्ट पार्किंगवर उभ्या असलेल्या बऱ्याच होत्या, आणि साबरमतीकाठच्या गाळाचाही त्यात हात होता. वाशी, सानपाडा, उलवे, किंवा ठाण्याच्या बाजूला बाळकुम आणि कोलशेत इथे खाडीकाठी उभं राहिलं की या दोन्ही शहरांची आठवण यायलाच हवी.

आधी प्रश्न नेमका करा

"नवी मुंबईत भूकंप आला तर काय होईल?" या प्रश्नावर मॉडेल बांधता येत नाही. "खाडीलगतच्या या प्लॉटवर, कातळावर ०.०८ जीचा धक्का आला तर स्टिल्ट अधिक चार मजल्यांच्या इमारतीच्या आवर्तकालाला जमिनीवर किती प्रवेग मिळेल?" यावर बांधता येतं. जागा, कातळावरचा धक्का आणि इमारतीचा आवर्तकाल (तिचा एक झोका पूर्ण व्हायला लागणारा वेळ) या तीन गोष्टी एका कागदावर लिहा आणि तो कागद समोर ठेवूनच पुढे जा.

०.०८ कुठून आलं? आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत मुंबई, ठाणे, नवी मुंबई हा पट्टा झोन तीनमध्ये आहे आणि त्याचा झोन फॅक्टर ०.१६. डिझाइनच्या सूत्रात त्याचा निम्मा भाग येतो. काम सुरू करताना लागू असलेली आवृत्ती कोणती ते आधी बघा, कारण हा आकडा तिच्यावर ठरतो.

याच कोडमधली एक गोष्ट नवीन लोकांच्या नजरेतून सुटते. कोड मातीचे तीन प्रकार मानतो: कठीण, मध्यम आणि मऊ. पण कोणत्या आवर्तकालाच्या इमारतीला किती पट जोर धरायचा हे दाखवणाऱ्या कोडच्या आलेखाचा वरचा सपाट भाग तिन्हींना २.५ इतकाच आहे. फरक इतकाच की कठीण जमिनीला तो ०.४० सेकंदांपर्यंत जातो, मध्यमला ०.५५ आणि मऊला ०.६७ पर्यंत. म्हणजे ०.३ सेकंद आवर्तकालाच्या इमारतीला पारसिक डोंगराच्या कातळावर आणि वाशीच्या गाळावर कोडप्रमाणे सारखाच जोर येतो. तुमच्या प्लॉटखालचा गाळ नेमका कोणत्या आवर्तकालाला जोर वाढवतो हे कोड सांगत नाही. मॉडेल करायचं ते त्यासाठी.

बोअर लॉग वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नवी मुंबईत आणि ठाण्यात रिडेव्हलपमेंट जोरात आहे, त्यामुळे प्रत्येक मोठ्या प्लॉटचा माती परीक्षण अहवाल कुणाकडे तरी असतोच. सोसायटीच्या कमिटीकडे किंवा स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे रीतसर मागितला तर बहुधा वाचायला मिळतो.

खाडीकाठच्या लॉगचं एक नमुनेदार पान असं असतं. वरचे दोन-अडीच मीटर भराव: मुरूम, डबर, विटांचे तुकडे. त्याखाली दहा-बारा मीटरपर्यंत करडी-काळी मऊ सागरी चिकणमाती, "शिंपल्यांच्या तुकड्यांसह". एन व्हॅल्यू (नमुन्याची नळी ३० सेंटिमीटर आत घालायला लागलेले हातोड्याचे ठोके) १, २, २, ३. त्याखाली पिवळसर तपकिरी मुरूम, म्हणजे कुजलेला बेसाल्ट, एन ५० च्या वर किंवा नुसतंच "रिफ्यूजल". मग काळा दगड. शक्य असेल तर बोअर चालू असताना साइटवर जाऊन उभे राहा. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पडतो आणि पहिल्याच ठोक्याला नळी अर्धा फूट आत जाते. कधी कधी तर ठोका न मारताच, हातोड्याच्या नुसत्या वजनाने ती खाली सरकते. नळी उघडली की आतला ओला, चकाकता गाळ बोटाने दाबला जातो आणि खाडीचा वास येतो. हे एकदा पाहिलं की लॉगमधला "एन = १" नुसता आकडा उरत नाही.

मॉडेलला मात्र एन चालत नाही. त्याला प्रत्येक थरातला शिअर वेव्हचा वेग लागतो, म्हणजे जमीन आडवी हलवणारी लाट त्या थरातून किती वेगाने जाते ते. हा वेग जागेवर मोजणं सर्वांत उत्तम. जिओफोनची रांग मांडायची, लोखंडी प्लेटवर घण मारायचा आणि पृष्ठभागावरून जाणाऱ्या लहरींवरून वेग काढायचा. याला एमएएसडब्ल्यू म्हणतात. ते जमत नसेल तर एनवरून अंदाज बांधता येतो. जपानी मातीवरून इमाई आणि तोनोउची यांनी १९८२ मध्ये दिलेलं सूत्र जगभर वापरलं जातं: वेग म्हणजे ९७ गुणिले एनचा ०.३१४ वा घात, उत्तर मीटर प्रति सेकंदात. एन २ असेल तर १२०, एन १५ असेल तर २२७. पण एन १ आणि २ यांच्यामधली मोजणी इतकी ढोबळ असते की मऊ चिकणमातीत या सूत्रावर मी फार भरवसा ठेवत नाही. मोजलेला वेग हाती नसेल तर १०० पासून १५० पर्यंतचे वेग घेऊन वेगवेगळे रन करा.

भरावाकडे दुर्लक्ष करू नका. रोलर फिरवून दाबलेला मुरूम खालच्या गाळापेक्षा ताठ असतो, म्हणजे कडक थर वर आणि मऊ खाली अशी उलटी रचना होते. वरच्या तीस मीटरचा एकच सरासरी वेग काढला की हा उलटेपणा त्यात बुडून जातो. म्हणून थरवार आकडेच भरा.

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी कागदावर

सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी उत्तर साधारण कुठे येणार हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे. समजा, कातळावर १२ मीटर एकसारखी चिकणमाती आहे आणि वेग १२० मीटर प्रति सेकंद. थराचा आवर्तकाल म्हणजे चार गुणिले जाडी भागिले वेग. ४८ भागिले १२०, म्हणजे ०.४ सेकंद. वारंवारता २.५ हर्ट्झ.

आता इमारत. कोडमध्ये भिंतींचा ताठपणा न धरलेल्या काँक्रीट फ्रेमचा आवर्तकाल म्हणजे ०.०७५ गुणिले उंचीचा ०.७५ वा घात. १२ मीटर उंचीला ०.४८ सेकंद, १५ मीटरला ०.५७. म्हणजे १२ मीटरची जुनी चार मजली इमारत आणि तिच्याखालचा गाळ जवळजवळ एकाच तालात हलतात. झोपाळ्याला त्याच्याच लयीत धक्के देत राहिलं तर तो चढत जातो, तेच इथे होतं. भिंती भरलेल्या असतील तर आवर्तकाल कमी येतो. त्यासाठी कोडमध्ये वेगळं सूत्र आहे, तेही काढून ठेवा.

जमीन किती पट वाढवेल याचाही अंदाज हाताने निघतो. मातीची घनता १.६ टन प्रति घनमीटर, बेसाल्टची २.६, बेसाल्टमधला वेग १५०० आणि मातीचं डॅम्पिंग (हलताना ऊर्जा खाण्याचं प्रमाण) ५ टक्के धरा. घनता गुणिले वेग हा आकडा दोन्हींसाठी काढा आणि मातीच्या आकड्याला कातळाच्या आकड्याने भागा. उत्तर सुमारे ०.०४९. त्यात डॅम्पिंगच्या दीडपटीहून थोडं जास्त, नेमकं सांगायचं तर १.५७ पट, म्हणजे ०.०७९ मिळवा. बेरीज ०.१२८, आणि तिचा व्यस्त म्हणजे जवळजवळ ८. उघड्या कातळाच्या तुलनेत २.५ हर्ट्झला आठपट. पुढचं शिखर ७.५ हर्ट्झला, साडेतीन पटीच्या आसपास. त्यापुढचं १२.५ ला. हे आकडे जपून ठेवा, पहिल्या रनची परीक्षा त्यांच्यावरच घ्यायची आहे.

आत घालायचा धक्का

आपल्या भागातल्या मोठ्या भूकंपाची जवळून घेतलेली नोंद फार थोड्यांकडे असते, आणि महाराष्ट्रात ती मुख्यतः कोयनेची आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे धरणाच्या गॅलरीतल्या यंत्रावर ०.६३ जीपर्यंत प्रवेग नोंदला गेला. जगभर ही नोंद अभ्यासाला वापरली जाते. पण यंत्र धरणाच्या आत होतं, त्यामुळे धरणाचं स्वतःचं हलणं तीत मिसळलेलं असू शकतं हे लक्षात ठेवून वापरा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या मुख्य धक्क्याची जवळची अशी नोंदच नाही. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची जी मालिका सुरू झाली ती खूप नोंदली गेली. पण ते लहान धक्के आहेत. त्यांना दहा-वीस पटींनी फुगवून मोठा भूकंप तयार करू नका. मोठ्या भूकंपातला लांबलेला काळ आणि संथ लहरी त्यात नसतातच.

म्हणून एका नोंदीवर थांबू नका. आयआयटी रुरकीचं पेसमॉस आणि बर्कलीचं पीअर या संग्रहांतून किमान सात नोंदी निवडा. यंत्र कातळावर बसवलेलं असावं, मॅग्निट्यूड साडेपाच ते साडेसहा, अंतर दहा ते पन्नास किलोमीटर. त्याशिवाय दूरच्या मोठ्या भूकंपाच्या एक-दोन नोंदी वेगळ्या ठेवा, कारण भूजच्या वेळी मुंबईतल्या उंच इमारतींत राहणाऱ्यांना हेलकावे जाणवले होते. मग त्या सगळ्या कोडच्या कठीण जमिनीच्या आलेखाशी जुळतील अशा बेताने कमी-जास्त करा.

फाइल उघडल्याबरोबर एकक बघा. काही फाइलींत जी असतं, काहींत मीटर, काहींत गॅल. एक जी म्हणजे ९८१ गॅल. नोंद काढून डोळ्यांनी पाहा, प्रवेगावरून वेग आणि विस्थापन काढा. विस्थापन शेवटी शून्याजवळ न येता एका बाजूला वाहत गेलं तर बेसलाइन (नोंदीची शून्याची रेघ) दुरुस्त करावी लागेल. शेवटी काही सेकंदांची शून्यं जोडा, नाहीतर नोंद वारंवारतांत फोडणाऱ्या फूरिए पद्धतीत तिची शेपटी फिरून सुरुवातीला येऊन मिसळते.

पहिला रन

इलिनॉय विद्यापीठाचं डीपसॉइल आणि टेक्सास विद्यापीठात तयार झालेलं स्ट्राटा ही दोन्ही फुकट मिळतात आणि शिकायला चांगली आहेत. पायथन येत असेल तर पायस्ट्राटा घ्या, एकाच वेळी शंभर रन करायला ते सोयीचं पडतं. या सगळ्यांच्या मुळाशी १९७२ मध्ये बर्कलीत लिहिलेल्या शेक या प्रोग्रामचीच पद्धत आहे.

पहिला रन मुद्दाम रेषीय (हलताना मातीचा ताठपणा न बदलणारा) ठेवा आणि मघाचा एकच बारा मीटरचा थर भरा. थराचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्याची जाडी वेग भागिले चार गुणिले कमाल वारंवारता याहून कमी हवी. २५ हर्ट्झपर्यंत जायचं तर १२० भागिले १००, म्हणजे १.२ मीटर. मी सरळ एक मीटर घेते.

आता एक पर्याय समोर येईल: धक्का "आउटक्रॉप" आहे की "विदिन"? तुमची नोंद उघड्या कातळाच्या पृष्ठभागावरची असेल तर आउटक्रॉप निवडा आणि खालचा कातळ लवचिक ठेवा. बोअरच्या तळाशी पुरलेल्या यंत्राची नोंद असेल तरच विदिन आणि ताठ तळ. इथे उलटसुलट झालं की आलेख दिसायला झकास येतो आणि उत्तर साफ चुकतं. म्हणून इथे शंका असेल तर पुढे जाऊ नका.

रन झाल्यावर पृष्ठभाग आणि कातळ यांच्यातलं गुणोत्तर काढा. २.५ हर्ट्झला आठाच्या आसपास शिखर, ७.५ ला दुसरं. तसं आलं तर पुढे चला. नाही आलं तर एकक, आउटक्रॉप आणि घनता याच क्रमाने तपासा.

चिकणमाती ताणली की

खरी माती जोरात हलली की मऊ होते आणि जास्त ऊर्जा खाते. हे दाखवणारे वक्र तयार मिळतात. चिकणमातीसाठी व्हुसेटिक आणि डोब्री यांचे १९९१ चे वक्र प्लॅस्टिसिटी इंडेक्सप्रमाणे (पाण्याच्या किती पट्ट्यात माती मळता येण्याजोगी राहते त्याचा आकडा) दिलेले आहेत, आणि हा इंडेक्स तुमच्या माती अहवालात असतोच. इक्विव्हॅलंट लिनिअर पद्धतीत प्रोग्राम कमाल स्ट्रेनचा (माती आडवी किती ताणली गेली त्याचा) सुमारे ६५ टक्के भाग धरून ताठपणा कमी करतो, पुन्हा रन करतो, आणि आकडे स्थिर होईपर्यंत हे चालू ठेवतो.

परिणाम कसा होतो ते हाताने बघा. ताठपणा निम्मा झाला तर वेग १२० वरून ८५ वर येतो आणि थराचा आवर्तकाल ०.४ वरून ०.५७ सेकंदांवर सरकतो. वर काढलेली १५ मीटर उंचीची इमारत आठवा. लहान धक्क्यात या गाळाशी तिचा ताल जुळत नाही, मोठ्या धक्क्यात जुळतो. त्यामुळे छोट्या भूकंपातून बिनधोक निघालेल्या इमारतीबद्दल मोठ्या भूकंपाचा निष्कर्ष काढता येत नाही.

स्ट्रेन किती आला ते प्रत्येक रनला पाहा. जमिनीचा कमाल वेग भागिले शिअर वेव्हचा वेग हा चांगला अंदाज आहे: १२ सेंटिमीटर प्रति सेकंद भागिले १२० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ०.१ टक्का. याच्या खाली इक्विव्हॅलंट लिनिअर ठीक चालतं. काही दशांश टक्के दिसू लागले की डीपसॉइलमधली अरेषीय पद्धत वापरा आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवा.

आणि ही तपासणी कधीच सोडू नका. बारा मीटरच्या स्तंभाचं वस्तुमान दर चौरस मीटरला १९.२ टन. गाळाची शिअर ताकद २० किलोपास्कल असेल तर तळाशी त्याहून जास्त जोर वर जाऊच शकत नाही. २० भागिले १९.२, म्हणजे स्तंभाचा सरासरी प्रवेग सुमारे एक मीटर प्रति सेकंद वर्ग, साधारण ०.१ जी. पृष्ठभागावर तो याच्या दीडपट धरा. खोलीबरोबर ताकद वाढते, झटपट भारात ती थोडी जास्त मिळते, त्यामुळे हा ढोबळ आकडा आहे. पण तुमचं मॉडेल अशा गाळावर अर्धा जी दाखवत असेल तर कॉम्प्युटरने मातीला तिच्याकडे नसलेली ताकद दिलेली आहे.

निकाल कसा मांडायचा

एकच रेघ काढून "हे उत्तर" असं म्हणू नका. वेग वीस-तीस टक्के वर-खाली, कातळाची खोली एक-दोन मीटर वर-खाली, दोन प्रकारचे वक्र आणि सात नोंदी असे सगळे रन करून पट्टा काढा. त्यावर कोडचा मऊ जमिनीचा आलेख ठेवा आणि इमारतीच्या आवर्तकालावर उभी रेघ मारा. ज्याला डिझाइन करायचं आहे त्याला या एका चित्रातून हवं ते कळतं. पाइल कातळात रोवलेल्या टॉवरला मात्र पृष्ठभागाची हालचाल जशीच्या तशी लावू नका. तिथे पाइल, माती आणि इमारत यांचं एकत्र मॉडेल लागतं.

जागेवरचा ताळाही घ्या. नाकामुरा यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत रस्त्याची, रेल्वेची, वाऱ्याची जी बारीक थरथर सतत चालू असते ती संवेदनशील यंत्राने अर्धा-पाऊण तास नोंदवतात आणि आडव्या हालचालीला उभ्याने भागतात. मऊ गाळ आणि त्याखाली एकदम बेसाल्ट अशी रचना असेल तर शिखर स्पष्ट येतं. जिओप्सी या मोफत सॉफ्टवेअरवर ते काढता येतं. मोबाइलमधला सेन्सर या कामाला पुरत नाही. कॉलेजच्या किंवा संस्थेच्या प्रयोगशाळेत विचारणा करा. मॉडेल २.५ हर्ट्झ सांगत असेल आणि जागेवर ४ येत असेल, तर जागेचं खरं माना आणि लॉगमधली कातळाची खोली पुन्हा बघा.

त्रिमितीकडे कधी

ग्रिडचं गणित आधी करा. सर्वांत लहान तरंगलांबीत किमान आठ बिंदू हवेत. वेग १२० आणि ५ हर्ट्झपर्यंत जायचं तर तरंगलांबी २४ मीटर, बिंदूंमधलं अंतर ३ मीटर. वीस बाय वीस किलोमीटर आणि पाच किलोमीटर खोलीच्या ठोकळ्याला सुमारे ७,४०० कोटी बिंदू लागतील. तेच ५०० मीटर प्रति सेकंदाच्या किमान वेगाला आणि १ हर्ट्झला थांबलात तर ८२ लाख. हे चांगल्या लॅपटॉपवर बसतं, पण त्यात खाडीचा गाळ उरतच नाही. ग्रिड निम्मी बारीक केली की काम सोळापट होतं. म्हणून मोठी मॉडेलं करणारेही अनेकदा कातळापर्यंतची लाट त्रिमितीत काढतात आणि वरची माती एकमितीत जोडतात.

मधली पायरी दुमिती छेदाची आहे, आणि आपल्याकडे तिला चांगलं काम आहे. पारसिकच्या पायथ्यापासून खाडीपर्यंत जाताना कातळ उतरत जातो आणि गाळाची पाचर जाड होत जाते. अशा कडेला लाटा आडव्या फिरून गाळातच अडकतात, हलणं लांबतं, आणि एकमिती मॉडेलला त्याचा पत्ता लागत नाही. पायथा, मध्य आणि खाडीकाठ अशा तीन ठिकाणचे बोअर लॉग मिळवा, तिन्हीकडे थरथर नोंदवा, तिन्हींची एकमिती मॉडेलं आधी जुळवून घ्या. मगच ओपनसीज या सॉफ्टवेअरमध्ये छेद उभा करा, आणि पहिल्या रनला खाडीकडच्या टोकाचं उत्तर तिथल्या एकमिती उत्तराशी ताडून बघा.